पेडल नसलेला ऑर्गन

ऑर्गन रियाधला पोहोचला तो पप्पांच्या अकरा दिवस आधी. कार्गोच्या दोन माणसांनी तो धापा टाकत दारात आणून ठेवला आणि विचारलं, यात आहे काय? मी म्हटलं, बाजा. उघडून पाहिलं तर आत उंदराने घर केलेलं, आणि त्या घरासाठी गीतपुस्तकाची पानं कुरतडून वापरलेली. म्हणजे उंदीरही आमच्याच मंडळीतला. मला हसू आलं आणि हसता हसताच थांबलं, कारण माझ्या आठवणीतला ऑर्गन चकचकीत होता आणि समोर होता तो ओल धरलेला, तीन पट्ट्या कायमच्या खाली बसलेला ठोकळा.

पप्पा म्हणजे माझे वडील. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ते हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. मोठ्या शहरांतल्या चर्चमध्ये नळ्यांचे, भिंतभर उंच ऑर्गन असतात. आमचा म्हणजे त्यांचा गरीब नातेवाईक. पितळी सुरांचा, पायाने भाता चालवायचा, पूर्वी नाटक कंपन्यांकडे असायचा तसा. खाली दोन पेडल. डावं-उजवं, डावं-उजवं दाबत राहिलं की भाता हवा ओढतो आणि वर बोट ठेवलं की सूर निघतो. पाय थांबले की सूर मरतो.

आई गायकवर्गात उभी असायची, म्हणून मला पप्पांजवळ जमिनीवर बसवलेलं असे. त्यामुळे मी त्यांची बोटं फारशी पाहिलीच नाहीत, पाहिले ते पाय. बूट बाजूला काढून ते तपकिरी मोज्यांनी वाजवायचे. आमच्या चर्चची एक रीत होती. गीताची ओळ संपली की पप्पा दोन्ही पाय पेडलवरून उचलायचे. सूर जरासा खचायचा आणि सगळी मंडळी एकदम श्वास घ्यायची. पुढच्या बाकांवर म्हाताऱ्या बायका असत. त्यांना पुस्तकातलं दिसत नसे, हाताने खुणा करणारं कोणी नसे. श्वास कुठे घ्यायचा हे पप्पांच्या पायांवरून ठरे. शेजारच्या गावच्या चर्चमध्ये असलं काही नव्हतं, तिथे ज्याला जिथे दम लागेल तिथे तो थांबायचा. लहानपणी माझी खात्री होती की पप्पांनी पाय उचलल्याशिवाय माणसांना श्वास घेताच येत नाही.

पुढे चर्चमध्ये कीबोर्ड आला, त्याच्यामागून ड्रम आले, आणि ऑर्गन अडगळीत गेला. पप्पांनी तो पंचांकडून मागून घरी आणला. आई गेल्यावर ते एकटेच वाजवत बसायचे, असं शेजारचे सांगत. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय गेला, उजवा हात व्यायामाने बराचसा परतला, आणि बोलणं गेलं. अगदी गेलं असंही नाही, एक शब्द उरला. बरं. चहा हवा का? बरं. कुठे दुखतंय? बरं. आईचा फोटो पुढे धरला तरी बरं. तीस वर्षं वर्गाला धाकात ठेवलेल्या माणसाच्या तोंडून तो एकच नम्र शब्द ऐकला की मी पुढचं काही विचारायचं टाळायचे.

पुण्यात माझ्या भावाकडे ते वर्षभर होते. तिथल्या वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की ज्यांचं बोलणं जातं त्यांना कधीकधी गाता येतं, आणि जे आयुष्यभर वाजवलं-गायलं त्या वाटेने शब्दही परत येऊ शकतात. भावाच्या घरात ऑर्गनला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर वर्षभर सगळं तोच करून दमला होता. मी म्हटलं, दोघांनाही माझ्याकडे पाठव, पप्पांना आणि ऑर्गनला. व्हिजिट व्हिजावर जेवढे महिने मिळतील तेवढ्यात पप्पांना बोलतं करायचं, एवढंच माझ्या मनात होतं. एवढंच म्हणते, पण त्यात थोडी शेखीही होती. भावाला वर्षात जमलं नाही ते मी करून दाखवणार होते.

कारण मशीन दुरुस्त करणं हा माझा धंदाच आहे. इथल्या एका रुग्णालयात मी व्हेंटिलेटर सांभाळते. ज्यांना स्वतःहून श्वास घेता येत नाही त्यांच्या छातीत हवा भरणारी मशीन. नव्या टेक्निशियनना मी पहिल्याच दिवशी सांगते की पेशंट स्वतः जेवढा श्वास घेतो तेवढा त्याला घेऊ द्यायचा, उरलेलाच मशीनने द्यायचा, नाहीतर तो घ्यायचं विसरतो. हे इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन.

रियाधच्या अल सुलै भागात गोदामांच्या रांगेत सोफे बनवणारे एक मिस्त्री आहेत, रत्नागिरीकडचे. तीसेक वर्षं झाली त्यांना इथे. आमच्या हॉलमधला सोफा त्यांच्याच हातचा. चामडं आणि लाकूड दोन्ही कळणारा दुसरा माणूस मला ठाऊक नव्हता, म्हणून ऑर्गन त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो उताणा पाडला, भात्यात हात घातला आणि बोटांना लागलेला भुगा मला दाखवला.

"बाय, चामडा गेला," ते म्हणाले. "लाकूड बरा हाय. मऊ चामडा हाय माझ्याकडं, नवा भाता करून देतो. पन घाई करू नको, महिना-दीड महिना लागंल."

इथेच घोडं पेंड खात होतं. कारण तोवर माझ्या नवऱ्याने ऑफिसमध्ये बोलता बोलता ऑर्गनची बातमी फोडली होती आणि ती इथल्या मराठी मंडळात पोहोचली होती. मंडळाचे गायक म्हणजे एका बँकेत मोठ्या पदावर असलेले गृहस्थ, आवाज खरंच चांगला. पाच आठवड्यांनी त्यांचा नाट्यगीतांचा कार्यक्रम होता. खरा ऑर्गन साथीला मिळाला तर सोन्याहून पिवळं, असं त्यांनी मला फोनवर तीन वेळा सांगितलं. फक्त आवाज मोठा हवा, एकसारखा हवा, आणि आतच माइक बसवता आला तर उत्तम.

आमची गरज नेमकी उलटी. इथे चर्च नाही, उघड प्रार्थनेला मुभा नाही, म्हणून शुक्रवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये चार घरं प्रार्थनेला जमतात. चपलांचा ढीग दाराबाहेर नको म्हणून आत ठेवायचा, पडदे ओढायचे, आणि गायचं ते बसल्या आवाजात. इतक्या वर्षांत ते आम्हाला इतकं अंगवळणी पडलंय की सुट्टीत गावी गेल्यावर चर्चमध्येही आम्ही तोंडातल्या तोंडात गातो आणि लोक मागे वळून बघतात. म्हणजे एकच ऑर्गन एकीकडे मोठा वाजायला हवा आणि दुसरीकडे जेमतेम ऐकू यायला हवा.

मला उपाय सुचला आणि मी स्वतःवरच खूश झाले. घोरणाऱ्या माणसांना झोपेत हवा देणारं मशीन असतं, त्याचा पंखा हाताच्या पंज्याएवढा असतो. आवाज जवळपास नाही, वेग हवा तसा कमीजास्त करता येतो. तो उलटा जोडला की हवा ढकलायच्या ऐवजी ओढतो, आणि ऑर्गनला तेच हवं असतं. भाता नको, पेडल नको. एक बटण, एक फिरवायची खुंटी. शुक्रवारी खुंटी कमी, कार्यक्रमात जास्त. मिस्त्रींना मी हे सगळं कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागद लांब धरून पाहिला.

"आनि पायाचा काय?" ते म्हणाले.

पाय कुठे चालतात त्यांचे, मी म्हटलं. ते म्हणाले, एक चालतो ना? मी त्यांना समजावलं की एका पायाने भाता पुरत नाही, आणि पंख्याची नळी नेमकी तिथूनच जाणार आहे. तरी ते म्हणाले, लावून ठेवू काय, असला तर असला. मी घड्याळ पाहत होते. मला परत रुग्णालयात जायचं होतं. नको चाचा, काढून टाका, असं मी म्हटलं. "तुझी मर्जी, बाय," ते म्हणाले आणि पेचकस शोधायला लागले.

पप्पा आले तेव्हा ऑर्गन तिकडेच होता. व्हीलचेअरवरून त्यांना घरात आणलं, त्यांची खोली दाखवली, खिडकीतून समोरची खजुराची झाडं दाखवली. बरं, बरं. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं की तुमचा ऑर्गन दुरुस्त होतोय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही म्हटलं नाही, बरंसुद्धा नाही. डोळे मात्र माझ्या तोंडावरून हलेनात. मला वाटलं, झालं, निम्मं काम झालं.

पप्पा आल्यावर आठवड्याभराने ऑर्गन घरी आला. मिस्त्रींनी लाकूड घासून पॉलिश केलं होतं, बसलेल्या पट्ट्या मी उठवल्या होत्या. पेडलच्या जागी एक गुळगुळीत फळी होती. पप्पांना खुर्चीवर बसवलं, पाठीशी उशी दिली, बटण दाबलं. त्यांनी दोन्ही हात ठेवले आणि सूर निघाला. स्वच्छ, भरलेला, एकसारखा. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. पप्पांचा डावा पाय पुढे सरकला, गालिच्यावर इकडेतिकडे चाचपला आणि मागे आला. तो मी पाहिला. मला वाटलं, नीट बसतायत.

त्यांनी संध्याकाळच्या उपासनेच्या गीताची एक ओळ वाजवली. बोटं हळू चालत होती, पण ओळखू येत होतं. मी शब्द म्हणायला लागले, म्हणजे तेही म्हणतील. ओळ संपली. सूर खचला नाही. पंखा आपला ओढत होता, सूर तस्साच उभा राहिला. पप्पांनी हात उचलले, मान वाकवून खाली गुडघ्यांपाशी पाहिलं, आणि हात मांडीवर घेतले. "बरं," ते म्हणाले.

त्यानंतर ते बसायचे, कारण मी बसवायचे. एक ओळ, फार तर दोन, की हात मांडीवर. शुक्रवारी चार घरं जमली की सगळे आशेने त्यांच्याकडे बघायचे, मग नजरा आपापल्या पुस्तकात. शेवटी गीत मीच एका बोटाने धरायचे. भाऊ फोनवर विचारायचा, काय म्हणतायत? मी म्हणायचे, हळूहळू. त्याने एकदाही मला टोमणा मारला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. व्हिजाची मुदत एकदा वाढवली. मी पंख्याचा वेग बदलून पाहिला, खुर्ची उंच केली, पट्ट्यांवर उजेड पाडला. दर वेळी मला वाटायचं की मशीनमध्येच काहीतरी कमी राहिलंय.

मग एका दुपारी मी जे बोलले ते बोलले. रुग्णालयातून वैतागून आले होते. पप्पांना बसवलं, बटण दाबलं, त्यांनी हात ठेवलेसुद्धा नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"सगळं तयार करून दिलंय पप्पा," मी म्हटलं. "तुम्हाला फक्त बोटं ठेवायची आहेत. तेवढंही जमत नाही का?"

हे वाक्य त्यांचंच होतं. गणिताच्या वहीत सूत्र लिहून दिल्यावरही मी चुकले की ते हेच म्हणायचे, याच सुरात. ते त्यांना आठवलं की नाही कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि डावा हात उचलून पट्ट्यांवर एका जागी ठेवला, नुसताच. मला बरं वाटावं म्हणून. एकच सूर वाजत राहिला. मी बटण बंद केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन सिंकचा नळ सोडून उभी राहिले. आजारी बापावर ओरडणारी मुलगी आपण होऊ असं मला कधी वाटलं नव्हतं. तशी झाले होते, आणि लाज वाटूनही राग पुरता गेला नव्हता.

त्याच आठवड्यात मंडळाचा कार्यक्रम झाला. शहराबाहेर एक इस्तिराहा घेतली होती, म्हणजे अंगण आणि दिवाणखाना असलेली, भाड्याने मिळणारी जागा. बायका नऊवारी आणि पैठण्या नेसून आल्या होत्या, वडापावचा घाणा एका कोपऱ्यात चालू होता. साथीला बसलेल्या आयटीतल्या गृहस्थांनी पेटी शिकलेली होती, त्यांना ऑर्गन लगेच सापडला. खरंच सुंदर वाजला. दोन पदं पुन्हा म्हणायला लावली. गायकांनी मला व्यासपीठावर बोलावलं आणि सांगितलं की जुन्या वाद्यात नवा प्राण कसा फुंकावा हे आमच्या या ताईंकडून शिकावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला आवडल्या. खोटं कशाला बोलू.

पप्पा पुढच्या रांगेत व्हीलचेअरवर होते. त्यांचा डावा पाय खुर्चीच्या पायटेकणीवर हलत होता. सगळ्यांच्या लक्षात आलं. आजोबा ताल धरतायत, असं शेजारच्या बाई म्हणाल्या. कोणीतरी म्हणालं, बघा, संगीत हेच खरं औषध. निघताना गायकांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, कसं झालं? "बरं," पप्पा म्हणाले, आणि त्या रात्री मंडळाच्या ग्रुपवर त्या एका शब्दाला किती अंगठे आले.

नवऱ्याने कार्यक्रमाचं चित्रण केलं होतं. चार-पाच दिवसांनी सकाळी पप्पा आत झोपले असताना मी ते फोनवर पाहत होते. त्यांची झोपमोड नको म्हणून आवाज बंद ठेवला होता. मध्येच नवऱ्याने फोन पप्पांवर नेला होता. पाय दिसत होता. दाबला, सोडला, दाबला, सोडला. साथीचे तबलजीही चौकटीत होते. त्यांचे हात आणि पप्पांचा पाय यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. गायकांचे ओठ मिटले, ओळ संपली, आणि पप्पांचा पाय पायटेकणीवरून दोन बोटं वर उचलला गेला. थांबला. मग ओठ उघडले आणि पाय खाली आला. पुढची ओळ संपली, पुन्हा पाय वर. प्रत्येक ओळीला.

ते ताल धरत नव्हते. ऑर्गन ते वाजवत होते, तिथून, खुर्चीवरून.

गालिच्यावर चाचपणारा तो पाय, गुडघ्यांपाशी वाकून पाहणं, मांडीवर घेतलेले हात, हे सगळं मी पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी माझ्या सोयीचं काहीतरी समजले होते. पप्पांना गाणं बोटांनी येतच नव्हतं, ते पायांनी यायचं. आणि त्यांचा जो एक पाय शाबूत होता त्याच्याखालची जागा मी फळी ठोकून बंद केली होती. मी, जी रोज सांगते की पेशंट जेवढा श्वास घेतो तेवढा घेऊ द्या.

दुपारची सुट्टी टाकून अल सुलैला गेले. वाटेत मनात एकच होतं की ती पेडल भंगारात गेली असतील तर? मिस्त्रींना मी सगळं सांगितलं, मी ओरडले होते तेही सांगितलं. ते ऐकत राहिले. मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं. ते उठले, आत गेले, आणि शिवणाच्या मशीनच्या एका पायाखालून लाकडाचा तुकडा ओढून काढला. डावं पेडल. मशीन डुगडुगत होतं म्हणून खाली दिलेलं. उजवं कुठे गेलं ते त्यांना आठवेना.

"ह्या बघ," ते म्हणाले. टाचेच्या आणि चवड्याच्या जागी लाकूड बशीसारखं खोल गेलं होतं. "एवढा झिजलेला लाकूड फेकवला नाय. दुसरा नवा करतो. भाता पन करतो. पन महिना म्हनलेलो तो महिनाच."

महिनाभर ऑर्गन गेला. दम्मामच्या मराठी लोकांनीही आमचा कार्यक्रम ठरवला होता आणि गायकांनी माझ्या वतीने ऑर्गन कबूलही करून टाकला होता. मी त्यांना कळवलं की पंखा, माइक, सगळं निघतंय, यापुढे तो मोठा वाजणार नाही. त्यांना ते फार लागलं. इतकं छान जमलेलं कोणी मोडतं का, ते म्हणाले. मी कारण सांगितलं. ते म्हणाले, तरी दोन आठवडे थांबता आलं असतं. मला थांबता येत नव्हतं. व्हिजाची दुसरी मुदतवाढ झाली होती, आता खलास. पप्पांचं तिकीट निघालं होतं, नवरा सोबत जाणार होता.

ऑर्गन परत आला तेव्हा हातात एकच शुक्रवार उरला होता. पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी चमत्काराची वाट पाहायला नको. पप्पा परत गेले ते बोलते होऊन गेले नाहीत. पुण्यात ते आजही बरं म्हणतात, चहालाही आणि दुखण्यालाही. मी पहिल्याच दिवशी मिस्त्रींचं ऐकलं असतं तर काय झालं असतं, हे मला कोणी सांगू शकत नाही आणि मी विचारायचं सोडलेलं नाही. तो ऑर्गन आता पुण्याला पाठवायचा तर भावाला मोठं घर मिळेपर्यंत थांबायला हवं.

त्या शुक्रवारी चपला आत आल्या, पडदे ओढले गेले. पंधरा माणसं होती. पप्पांना खुर्चीवर बसवलं. मी त्यांचा डावा मोजा नीट केला आणि पाऊल त्या खोलगट लाकडावर ठेवलं. ते लगेच बसलं, हललं नाही. त्यांनी दाबलं. नव्या भात्याने हवा ओढली, पण एका पायाची हवा पुरेना, सूर निघाला तो कण्हल्यासारखा. म्हणून मी त्यांच्या उजव्या बाजूला जमिनीवर बसले आणि दुसरं, नवं पेडल दोन्ही हातांनी दाबायला लागले. त्यांचं डावं, माझं उजवं. माझी नजर त्यांच्या पायावर होती. किती वर्षांनी मी त्या जागेवरून तो पाय पाहत होते.

संध्याकाळचंच गीत, सकाळी. कोणी हसलं नाही. पप्पांची बोटं पहिल्यापेक्षा चालली. लोक दबक्या आवाजात गायला लागले. मी पेडल दाबत होते आणि मला हुंदका येत होता, तो आवरायला मी आणखी जोरात दाबत होते. ओळ संपत आली. पप्पांचा पाय वर उठला. माझ्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं होतं, ते मला दिसलं नाही. मी दाबतच राहिले. सूर संपेना, लोक अडखळले, कोणाला श्वास कुठे घ्यावा कळेना.

डोक्यावर काहीतरी टेकलं. पप्पांनी उजवा हात पट्ट्यांवरून काढून माझ्या केसांवर ठेवला होता. मी वर पाहिलं. ते चिडले होते, वर्गात चिडायचे तसे.

"उचल," पप्पा म्हणाले.

मी हात उचलले. सूर खचला, आणि खोलीतल्या सगळ्यांनी श्वास घेतला.